झोपलेले किडे आणि डीलर मेळावा

इन्क्युबेटरला झेंडूचा हार घातलेला होता. दारावर हळदीकुंकवाची बोटं, समोर फोडलेला नारळ, आणि बटण बंद.

सोमवारची सकाळ होती. खंडेनवमी, दसरा आणि त्याला लागून आलेला रविवार अशी सुट्टी उरकून मी लॅब उघडली होती. हार पार सुकला होता. म्हणजे मशीन खंडेनवमीपासून बंद होतं. दारावर मी मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं होतं, "हे मशीन बंद करू नये". पूजा करणाऱ्यानं त्या कागदालाही कुंकू लावलं होतं.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नाही. त्यातल्या एका कंपनीत मी नोकरीला होते. माझं काम सूत्रकृमींचं, म्हणजे मातीत राहणाऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक जंतांचं. मी मूळची धावड्याची. गावाकडे कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर वडील सांगायचे, "बियाण्याच्या कंपनीत सायंटिस्ट आहे." जंतांचा उल्लेख ते टाळायचे. लग्नाच्या वेळी तर त्यांनी तो कटाक्षानं टाळला.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. बियाणं कंपनीत हत्यारं म्हणजे ग्रेडर, पॅकिंग मशीन, वजनकाटे, टेम्पो आणि हल्ली कॉम्प्युटर. पूजा झालेलं मशीन लगेच चालवायचं नाही, दसरा होईपर्यंत त्याला विश्रांती द्यायची, असा आमच्या प्लँटचा रिवाज. दरवर्षी ही पूजा प्लँटपुरती असायची. त्या वर्षी सुपरवायझरनं लॅबलाही मान दिला. मी त्याला बोलावून घेतलं.

"अहो, हे मशीन बंद करायचं नसतं. वाचता येतं ना?"

"वाचलं की मॅडम. पण साऱ्या मशिनींची पूजा झाली अन् तुमचीच तेवढी बिनपूजेची राह्यली, ते बरं दिसलं अस्तं का?"

त्यानं माझा मानच राखला होता. मी हार काढला, बटण चालू केलं आणि आतल्या ताटल्या बाहेर घेतल्या.

आता त्या ताटल्यांत काय होतं ते सांगते. हे इन्क्युबेटर म्हणजे फ्रिजसारखी पेटी. बाहेर कितीही ऊन असो, आत कायम माघातल्या सकाळसारखा गारवा. त्या गारव्यात, काचेच्या झाकणाच्या छोट्या ताटल्यांत, जेलीवर मी किडे पाळले होते. लांबीला स्वल्पविरामाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे, जिवाणू खाऊन राहणारे. निरुपद्रवी जात. पिकाला हात लावत नाही. जगभरच्या प्रयोगशाळा हाच किडा पाळतात, कारण तो अंड्यातून निघून दोन-तीन दिवसांत आई होतो आणि तक्रार करत नाही.

हे किडे कंपनीत आले ते शेठमुळे. शेठ म्हणजे कंपनीचे मालक. ते परदेशात बियाणेवाल्यांच्या कुठल्याशा परिषदेला गेले होते. तिथे जेवताना शेजारच्या खुर्चीवर एक संशोधक बसला होता. परत आल्यावर शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, आपण किडा मारायच्या मागं लागलो, ती चूक हाये. किडा मारायचाच न्हाई. त्याला मोठंच होऊ द्यायचं न्हाई. तो पोरगंच राह्यला, तर त्याला पोरं कुठून होतीन?"

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. शेठच्या सगळ्या घोटाळ्यांची सुरुवात चांगल्या कल्पनेनं व्हायची.

त्या संशोधकानं सांगितलेलं खरंच होतं. हे किडे अंगातून काही रसायनं बाहेर सोडतात. किडे थोडे असले की त्या रसायनांचा प्रभाव पडत नाही. गर्दी झाली की ती साठतात, आणि लहान अळ्यांना कळतं की इथं फार तोंडं झाली, मोठं होण्यात अर्थ नाही. त्यात खाणं संपत आलं आणि उकाडा वाढला, की अळी वेगळाच मार्ग धरते. अंग सुईसारखं बारीक करते, तोंड मिटून घेते, खाणं बंद करते आणि पडून राहते. महिनोन् महिने. आमच्या शास्त्रात तिला डाउर म्हणतात. शब्द जर्मन आहे, अर्थ टिकाऊ.

हे होतं कसं, तर किड्याच्या पेशींत एक प्रथिन असतं. ते विजेच्या बटणासारखं काम करतं. सुखाचे दिवस असले की अंगात एक संप्रेरक तयार होतं, ते या बटणावर येऊन बसतं आणि मोठं व्हायची जनुकं, म्हणजे जीन्स, चालू होतात. गर्दीचं रसायन लागलं की संप्रेरक बनायचं थांबतं. बटण रिकामं राहतं आणि उलटीकडे पडतं. मग मोठं व्हायची जीन्स बंद, टिकून राहायची जीन्स चालू. एवढंच. अळी मरत नाही. तिचं मोठं होणं लांबणीवर पडतं.

हे शेठना समजावताना मी शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे ऐकणं असा माझा तेव्हा समज होता.

रसायन विकत मिळत नव्हतं. मग मी ते किड्यांकडूनच घेतलं. मोठ्या चंबूत पाण्यात किडे वाढवायचे, गर्दी आणि उपासमार होऊ द्यायची, किडे गाळून टाकायचे आणि उरलेलं पाणी आटवून अर्क काढायचा. पिवळसर, चिकट, उग्र वासाचा अर्क. आमचे मार्केटिंग मॅनेजर सोनुने यांनी बाटली हुंगून विचारलं होतं, "म्हंजे हे किड्यायचं सांडपाणी झालं?"

"साधारण तेच."

"हे बाहेर कुठं बोलू नका मॅडम."

सोनुने आधी मोटारपंप विकायचे, त्याआधी विमा. दोन्हीकडे यशस्वी झालेला माणूस. आपण काय विकतो हे नीट कळलं की विकताना अडचण होते, असा त्यांचा अनुभव होता.

तर प्रयोग असा होता. निम्म्या ताटल्यांत अर्क घातलेला, निम्म्या बिनऔषधाच्या. बिनऔषधाच्या ताटलीला आम्ही कंट्रोल म्हणतो. तीच जेली, तेच किडे, तोच गारवा, फक्त औषध नाही. औषधाच्या ताटलीत अळ्या झोपल्या आणि कंट्रोलमध्ये वाढल्या, तरच श्रेय औषधाचं.

त्या सोमवारी मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. औषधाच्या ताटलीत सगळ्या अळ्या सुईसारख्या बारीक होऊन पडलेल्या. कंट्रोलमध्येही सगळ्या तशाच. बंद पेटीत ऑक्टोबरचा उकाडा शिरला होता, सुट्टीत खाणं संपलं होतं आणि मुळात ताटल्या दाटीवाटीच्या होत्या. जे औषधानं व्हायचं ते पूजेच्या सुट्टीनं झालं होतं. प्रयोग वाया. चिडचिड झाली, पण त्यात विशेष काही नव्हतं. पुन्हा करायचा, झालं.

तेवढ्यात सोनुने आले. दिवाळीआधी कंपनीचा डीलर मेळावा होता आणि त्यांना तिथं दाखवायला काहीतरी नवं हवं होतं. त्यांनी मायक्रोस्कोपमध्ये बघितलं.

"सगळे आडवे पडलेत की मॅडम. औषध लागलं."

"ही औषधाची ताटली नाही. ही कंट्रोल आहे, बिनऔषधाची."

सोनुनेंनी डोळा बाजूला घेतला, विचार केला. त्यांना फार वेळ लागला नाही.

"मंग तर लईच भारी. बाजूच्या ताटलीतलं औषध हवेतून इकडं आलं. म्हंजे नुस्त्या वासानं काम करून राह्यलं."

मी सुई घेतली आणि एका अळीला हळूच टोचलं. ती वळवळली आणि बाजूला सरकली. "बघा, जिवंत आहे."

"जीव जाताना तडफडनारच की," सोनुने म्हणाले आणि थेट शेठकडे गेले.

दुपारी मला बोलावणं आलं. शेठ खुशीत होते.

"सोनुने म्हनतेत औषध लागलं."

"शेठ, अळ्या झोपल्या आहेत, मेलेल्या नाहीत. आणि औषधानं झोपल्या की उकाड्यानं, हे आता कळायला मार्ग नाही. इन्क्युबेटर बंद होता."

"बंद कोनी केल्ता?"

"त्याची पूजा झाली होती."

शेठ खुर्चीत सावरून बसले. "म्हंजे पूजेमुळं किडे पडले म्हन्ता?"

"उकाड्यामुळे."

"उकाडा कशानं आला?"

"पेटी बंद होती म्हणून."

"अन् पेटी कशानं बंद होती?"

मी वर बघितलं. शेठच्या मागे भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती आणि तिलाही ताजा हार होता.

"मॅडम, देवाधर्माचं नाव यात येता कामा न्हाई. बिलकुल न्हाई," शेठ म्हणाले.

आता गंमत बघा. पूजेचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर उकाड्याचं घेता येईना. उकाड्याचं घेता येईना म्हटल्यावर कारण म्हणून उरलं काय, तर औषध. अशा रीतीनं त्या दुपारी आमचं औषध यशस्वी झालं. सोनुनेंनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, कृमीविराम.

इथवर मला हसूच येत होतं. पण दोन दिवसांनी भानुदासराव लॅबमध्ये येऊन बसले आणि हसू थांबलं.

भानुदासराव टेंभुर्णीचे. आमच्या कंपनीसाठी करारावर ढोबळी मिरचीचं बियाणं पिकवायचे, त्या कराराच्या लागवडीला प्लॉट म्हणतात. हा प्रकार शहरातल्या वाचकाला माहीत नसेल म्हणून सांगते. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली, ज्याला सगळे नेट म्हणतात, मिरची लावायची. फूल उमलायच्या आधी चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग त्याला लावायचा. हे फुलाफुलाला हातानं करायचं. याला क्रॉसिंग म्हणतात. भानुदासरावांच्या घरची सगळी माणसं, बायको, दोन्ही सुना, त्या कामात बसायची. झाड मध्येच बसलं, म्हणजे वाढ खुंटून कोमेजलं, तर बियाणं तर जातंच, सगळ्या घराची हंगामभराची बोटंही वाया जातात.

आणि त्यांच्या झाडांनी मागच्या हंगामात बसायला सुरुवात केली होती. मी त्यांच्या नेटमध्ये जाऊन एक झाड उपटून बघितलं होतं. मुळं पोवळ्याच्या माळेसारखी गाठीगाठींची. हा वेगळा सूत्रकृमी, मुळांत घुसून राहणारा. माझ्या ताटलीतल्या किड्याचा लांबचा भाऊबंद, पण स्वभावानं त्याच्या अगदी उलट. मी त्यांना सांगितलं होतं, यंदा थंडीत नेटमध्ये मिरची नको. झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतून जे बाहेर पडतं ते या किड्याला सोसत नाही, आणि त्या मुळांत वाढून त्याला पोरंही होत नाहीत. भानुदासराव तेव्हा हसले होते. "नेटमधी झेंडू? लोकं म्हनतीन, बंगल्यात म्हैस बांधली." पण कबूल झाले होते.

आता ते माझ्यासमोर बसून टोपी गुडघ्यावर ठेवून बोलत होते.

"मॅडम, सोनुनेसाहेब आल्ते. म्हने, झेंडूबिंडू काही लावू नका, मिरचीच लावा. नवं औषध आलंय, किडं जागच्या जागी थांबतंय. मेळाव्यानंतर सारे डीलर तुमचा प्लॉट पाहायला येतीन."

"मी तुम्हाला झेंडू सांगितलाय."

"तेच तं म्हनतो मी. तुम्ही म्हन्ता लावू नका, साहेब म्हनतेत लावा. कंपनी एकच हाये ना?"

कंपनी एकच होती आणि तिला दोन तोंडं होती. पगार दोन्ही तोंडांना मिळत होता, त्यातलं एक माझं.

"भानुदासराव, माझं ऐका. मिरची लावू नका."

"न्हाई लावली तर प्लॉट दुसऱ्याला देऊ म्हनलेत. अन् लावली, अन् झाडं बसली, तर माझ्या सुना चिमटे फेकून देतीन. आधीच म्हनून राह्यल्या की हे काम सोडा." त्यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "रोपं ट्रेमधी तयार हायेत. मी मेळाव्याला येतो. तिथं साऱ्यांसमोर काय सांगतेत ते ऐकतो, मंग ठरवतो. तवर रोपं ट्रेमधीच राहतीन."

ते गेले. मला राग आला, सोनुनेंचा आला, शेठचा आला आणि सगळ्यात जास्त त्या गोष्टीचा आला की माझं सांगणं आणि सोनुनेंचं सांगणं त्या माणसाच्या कानावर एकाच वजनानं पडत होतं.

मी पुन्हा शेठकडे गेले. म्हटलं, प्रयोग पुन्हा करू द्या, मग बोला. शेठ म्हणाले, "करा ना, कोन नको म्हनतं? पन मेळावा झाल्यावर."

मेळाव्याच्या दोन-तीन दिवस आधी सोनुने लॅबमध्ये आले. शेठही बरोबर होते. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून टीव्हीवर पडलेले किडे दाखवायचे ठरलं होतं. ताटल्या बघून सोनुनेंनी तोंड वाकडं केलं. इतक्या दिवसांत जेली सुकून आक्रसली होती, कडेनं भेगा पडल्या होत्या.

"मॅडम, हे असलं पाहुन्यायसमोर ठेवायचं? जुनं-पानं? नव्या ताटल्या घ्या, किडे त्यात टाका. झकास दिसलं पायजे."

पाहुण्याला चिरलेल्या कपात चहा द्यायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. सोनुनेंनी तो किड्यांना लावला.

"नव्या ताटलीत खाणं असतं," मी म्हटलं. "जिवाणूंचा थर असतो. आणि अर्क नसतो. अळ्या उठतील, मोठ्या होतील, अंडी घालतील."

"मेलेलं कसं उठंल मॅडम?"

"मेलेल्या नाहीत म्हणून तर सांगतेय."

सोनुनेंनी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, "मॅडम, ते म्हनतेत तसं करा. प्रेझेंटेशन त्यांचं डिपार्टमेंट हाये."

"शेठ, मी तुमच्यासमोर सांगितलंय."

"सांगितलं ना. मंग झालं. टाका."

मी टाकल्या. नाइलाजानं वगैरे नाही. चांगल्या ताज्या, जाड थराच्या ताटल्या घेतल्या, औषधातल्या अळ्या एकीत आणि कंट्रोलमधल्या दुसरीत सोडून तसं त्यांच्यावर स्वच्छ लिहिलं, आणि इन्क्युबेटर नीट थंड आहे ना ते बघितलं. हुकूम दिलाच आहे तर तो उत्तम पाळावा, असं माझं मत होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी बघितलं. सगळे उठले होते. शेठना फोन केला, तर ते जेवणाच्या कंत्राटदाराशी बोलत होते, पुरी तळायची जागेवर की आधी. सोनुनेंना म्हटलं, या आणि डोळ्यांनी बघा. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही निगेटिव्ह लई बोलता. बॅनर छापून आलंय आता."

बॅनर खरोखरच आलं होतं. औरंगाबाद रोडवरच्या मंगल कार्यालयात, जिथं एरवी वधूवरांची नावं लागतात तिथं ते लागलं होतं. त्यावर एक रिकामा पाळणा आणि शेजारी खिन्न चेहऱ्याचा एक जंत. खाली लिहिलं होतं, "ना मोठा होणार, ना पोरं होणार". भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, सगळीकडचे डीलर आले होते. गुलाबपाणी शिंपडून झालं, फेटे बांधून झाले. हॉलला एसी होता. किड्यांना तेवढंच बरं. भानुदासराव तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते.

सोनुने तासभर बोलले. मग म्हणाले, "आता आमच्या सायंटिस्ट मॅडम तुम्हाला प्रत्यक्ष दाखवतील."

मी मायक्रोस्कोपखाली औषधाची ताटली ठेवली. टीव्ही उजळला.

पडदाभर किडे. लांब, जाड, पोटात अंडी भरलेल्या माद्या. त्यांच्या मधून तुरुतुरु पळणारी पोरं. जिवाणूंच्या थरावर त्यांनी नुसती रांगोळी काढली होती. मग अंकुशनगरकडचा एक डीलर म्हणाला, "हे तं सारे जत्रंला निघाल्यावानी दिसून राह्यले."

सोनुनेंनी माइक ओढला. त्या माणसाची मला आजही कमाल वाटते. क्षणभरही न थांबता ते म्हणाले, "मंडळी, हे आहेत बिगर औषधाचे किडे. तुमच्या शेतात सध्या हेच चाललंय. आता बघा औषधाचे."

टाळ्या पडल्या. मी दुसरी ताटली ठेवली. कंट्रोलची. त्यात किडे आणखीच जोरात होते.

"हे पन बिगर औषधाचेच," सोनुने म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. मागच्या रांगांत हशा झाला. कोणीतरी विचारलं, "मंग औषधाचे किडे जेवायला गेलेत का?"

त्या हशात भानुदासराव उठले. ते हसत नव्हते.

"मॅडम, तुम्ही सांगा. यातली औषधाची ताटली कोन्ती?"

शेठ पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते. मी घाबरले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. जालन्यात सूत्रकृमींची नोकरी दुसरीकडे कुठे मिळणार होती? नवऱ्याची बँकेतली बदली नुकतीच रद्द करून घेतली होती, ती याच नोकरीसाठी. पण समोर तो माणूस उभा होता आणि त्याची रोपं ट्रेमध्ये होती.

मी म्हटलं, "पहिली ताटली औषधाची. या अळ्या झोपल्या होत्या, हे खरं. पण झोपल्या होत्या, मेल्या नव्हत्या. ताजं खाणं मिळालं आणि औषध निघून गेलं, की उठल्या. तुमच्या नेटमध्ये पाणी दिलं की औषध वाहून जाणार आणि मिरचीची मुळं म्हणजे ताजं खाणं. आणखी एक. हा किडा तुमच्या मुळांतला नाहीच. मुळांतल्या किड्यावर हे औषध आम्ही अजून लावूनसुद्धा बघितलेलं नाही."

"मंग मिरची लावू का नको?"

"नका लावू. झेंडू लावा."

"बरं," ते म्हणाले आणि खाली बसले.

सोनुने माइककडे अनोळखी वस्तूसारखं बघत होते. शेवटी शेठ उठले, त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "जेवन तयार हाये मंडळी. पुऱ्या गरम हायेत."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाचा खण रिकामा करूनच केबिनमध्ये गेले. शेठ रागावलेले दिसत नव्हते. उलट काहीतरी हिशोब जुळल्यासारखे दिसत होते.

"मॅडम, कालच्या किड्यायची वाढ पाह्यली का तुम्ही? काय अंग धरलं होतं. डीलर लोक जेवताना तेच इचारून राह्यले, म्हने याह्यला खाऊ काय घालता."

"जिवाणू, शेठ."

"मंग तेच बाटलीत घाला. तुमचं ते आटवलेलं पानी बी घाला. टॉनिक म्हनून काढू. पिकाचं टॉनिक."

मला वाटलं, ते माझी थट्टा करताहेत. मी म्हटलं, "शेठ, किडा वाढला म्हणून पीक वाढतं असं नसतं. हे शास्त्रात बसत नाही. मी याच्यावर सही करणार नाही."

"तुमची सही कोन मागितली?" शेठ अगदी प्रेमानं म्हणाले. "औषधाला सायंटिस्ट लागतो. टॉनिकला लागत न्हाई."

नोकरी राहिली. फक्त किडे गेले. मला उगवण तपासायच्या विभागात बसवलं. ओल्या कागदात बिया ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं. ताटल्या धुऊन कपाटात गेल्या आणि इन्क्युबेटरमध्ये कँटीनवाला दूध ठेवायला लागला.

भानुदासरावांना माझं ऐकल्याची किंमत मोजावी लागली. सोनुनेंनी त्यांचा प्लॉट त्या हंगामापुरता काढून घेतला. ट्रेमधली रोपं भानुदासरावांनी ओळखीपाळखीत वाटून टाकली. नेटमध्ये झेंडू लावला, गावानं मनसोक्त चेष्टा केली. पुढच्या हंगामात कंपनीला निरोगी जमिनीचे नेटवाले कमी पडले, तेव्हा सोनुनेच त्यांच्या दारी गेले. मिरची लागली. गाठी पार गेल्या नव्हत्या, मी जाऊन बघितलं. पण झाडं उभी राहिली, सुना चिमटे घेऊन बसल्या आणि बियाणं निघालं. त्या दिवशी टेंभुर्णीहून परत येताना जीपमध्ये मला फार बरं वाटलं. पगारवाढीच्या दिवशीही तसं कधी वाटलं नाही.

बियाणं जमा करायला ते कंपनीत आले तेव्हा मला भेटायला उगवण विभागात आले. हातात एक हिरवी बाटली होती. लेबलवर डोलणारं कणीस आणि नावात वृद्धी हा शब्द.

"डीलरनं बियान्यासोबत फुकट देली. साऱ्या तालुक्यात चालून राह्यली म्हने. मॅडम, ह्ये तेच का?"

मी झाकण उघडलं. तो उग्र वास मी कुठेही ओळखला असता.

"तेच."

"मिरचीला मानवंल का?"

"माहीत नाही. किड्यांना मानवतं, ते आपण दोघांनी बघितलंय."

भानुदासरावांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. म्हणाले, "मंग शेजाऱ्याला देतो. त्याचं माझं बांधावरून चालूच हाये." आणि वजनकाट्याकडे निघून गेले.

मी निवृत्त झाले तेव्हा ते टॉनिक कंपनीचा सगळ्यात जास्त खपणारा माल होता. नोकरीला लागलेल्या नव्या मुली मला अजूनही भेटून विचारतात, प्रयोग फसला तर काय होतं मॅडम. मी सांगते, काही होत नाही. निकाल उलटा आला म्हणून कंपनी माल फेकत नाही, लेबल फेकते.